‘येथे क्लिक करा’ म्हणजे नक्की कुठे?

परिपत्रक, भरतीची जाहिरात, प्रवेशाची माहितीपुस्तिका संकेतस्थळावर चढवण्यापूर्वी मजकूर चार हातांखालून जातो. लिंक मात्र उघडतेय ना, एवढंच पाहिलं जातं. तिचे शब्द आणि तिचं रूप यांवर किती वाचक अडतात, हे लक्षात येत नाही, कारण त्याबद्दलचे गैरसमज आपल्या अंगवळणी पडले आहेत.

गैरसमज : ‘येथे क्लिक करा’ लिहिलं की सगळ्यांना कळतं.

दृष्टिहीन वाचक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात. डोळस माणूस पानावरून भरभर नजर फिरवतो. कानांना तसं करता येत नाही, म्हणून हे वाचक बऱ्याचदा नुसती लिंकची यादी मागवतात. एनव्हीडीए किंवा जॉज या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एफ ७ या कळा एकत्र दाबल्या, की पानावरच्या लिंक एकाखाली एक येतात. आजूबाजूची वाक्यं त्या यादीत नसतात.

आता शिष्यवृत्तीचं एखादं पान घ्या. त्यावर अर्ज आहे, उत्पन्नाच्या दाखल्याचा नमुना आहे, पात्रतेच्या अटी आहेत, मुदतवाढीची सूचना आहे. यादीत ऐकू येतं : ‘येथे क्लिक करा’, ‘येथे क्लिक करा’, ‘येथे’, ‘अधिक वाचा’. अर्ज शोधायला प्रत्येक लिंक उघडायची, ऐकायची, परत यायचं. मुदत संपायला तासभर उरलेल्या विद्यार्थ्याला हा खेळखंडोबा परवडत नाही.

म्हणून लिंकचे शब्द वाक्यातून उचलून वेगळे ठेवले, तरी अर्थ कळला पाहिजे : ‘उत्पन्नाच्या दाखल्याचा नमुना, पीडीएफ, २ एमबी’. फाइलचा प्रकार आणि आकार सांगितला, की मोबाइलवर डेटा मोजून वापरणाऱ्याचीही सोय होते. ‘लिंक’ हा शब्द लिहायची गरज नाही, स्क्रीन रीडर तो स्वतःच बोलतो. आणि ‘नियमावलीत’ या शब्दातल्या ‘नियमावली’ एवढ्यालाच लिंक देऊन ‘त’ बाहेर सोडू नका. ऐकताना शब्द तुटतो.

गैरसमज : पूर्ण पत्ता छापणं सगळ्यांत सोयीचं.

स्क्रीन रीडरवर ‘एचटीटीपीएस, कोलन, स्लॅश, स्लॅश’ अशी वरात सुरू होते. पत्त्यात देवनागरी असेल तर विचारूच नका. मराठी विकिपीडियाच्या एखाद्या पानाचा पत्ता कॉपी करून कागदपत्रात चिकटवला, की त्यातल्या प्रत्येक देवनागरी चिन्हाची टक्क्याची खूण, इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिळून नऊ चिन्हं होऊ शकतात. ‘मराठी’ या एका शब्दाची ४५. एवढं ऐकून हाती काहीच लागत नाही. कागदपत्र छापूनही वाटायचं असेल, तर अर्थपूर्ण लिंकच्या जोडीला छोटा पत्ता जरूर द्या. कागदावर बोट ठेवून लिंक उघडत नाही.

गैरसमज : अधोरेखन जुनाट दिसतं, निळा रंग पुरे.

रंग नीट न ओळखणाऱ्याला तो निळा मजकुरात हरवलेला दिसतो. डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार माहिती केवळ रंगाने सुचवू नये आणि साध्या आकाराच्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, किमान ४.५ : १ असावा. देवनागरीत खालची रेघ उकार-ऋकारांना कापते, ही तक्रार खरी आहे. पण त्यावर उपाय रेघ काढून टाकण्याचा नव्हे. वेबपानावर सीएसएस या मांडणीच्या भाषेने ती थोडी खाली सरकवता येते. उलट आपल्या पत्रांतले ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अधोरेखित करण्याची सवय सोडायला हवी. जे दाबता येत नाही, ते लिंकसारखं दिसू नये.

गैरसमज : वर्डमध्ये नीट केलं, म्हणजे पीडीएफ आपोआप नीट.

प्रिंट करून पीडीएफ काढली, तर लिंक आणि मजकुराची रचना दोन्ही गळून पडू शकतात. ‘सेव्ह अ‍ॅज’ने पीडीएफ करा आणि पर्यायांमधला सुगम्यतेसाठीच्या टॅगचा चौकोन खूण केलेला ठेवा. सही-शिक्क्यासाठी स्कॅन करून चढवलेलं परिपत्रक तर निव्वळ चित्र असतं. त्यातली लिंक कोणालाच उघडता येत नाही, आणि मजकूर ओळखून घेतल्याशिवाय स्क्रीन रीडरला तिथे वाचायला काहीच नसतं.

गैरसमज : हे सगळं ऐच्छिक सौजन्य आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातला मजकूर सुगम्य असेल हे पाहणं सरकारचं कर्तव्य आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. हक्काची गोष्ट उपकार म्हणून देण्याचा प्रश्नच उरत नाही.

एनव्हीडीए मोफत मिळतं. पुढचं कागदपत्र चढवल्यावर त्याची लिंकची यादी एकदा स्वतः ऐका, आणि ज्या लिंकचा अर्थ नुसत्या कानाने लागत नाही, तिचे शब्द त्याच दिवशी बदला.