ताडपत्रीखालची येझदी पुन्हा रस्त्यावर!

मित्रांनो, तुमच्या वाड्यात, सोसायटीच्या जिन्याखाली किंवा गावाकडे गोठ्याशेजारी एखादी जुनी मोटारसायकल ताडपत्रीखाली उभी आहे का? टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली आणि टाकीवर बोटानं नाव लिहिता येईल इतकी धूळ! आजी म्हणते, "अहो, जागा अडते, देऊन टाका ना एकदाची भंगारात." आजोबा म्हणतात, "बघू." आणि हे "बघू" वर्षानुवर्षं चाललेलं असतं.

अशी गाडी संपते ती दोन प्रकारांनी. पहिला प्रकार म्हणजे भंगारवाल्याचा तराजू. दुसरा त्याहून वाईट. कुणीतरी हौशीनं रविवारी सगळी गाडी खोलतं, सोमवारी शाळा-ऑफिस सुरू होतं, आणि पुढं तिचे भाग पोत्यात पडून राहतात. चार महिन्यांनी कुठला बोल्ट कुठं होता हे कुणालाच आठवत नाही. म्हणजे दुरुस्त करायला घेतलेली गाडीच कायमची मोडली जाते! हे टाळायचं कसं, ते आज बघू. हे काम एकट्यानं करायचं नाही. आई, बाबा, काका, आजोबा, जे कुणी तयार असतील त्यांना सोबत घ्यायचं आणि शेजारच्या मेस्त्रींनाही मधूनमधून विचारायचं.

म्हैसूरची पाहुणी

उदाहरणासाठी आपण येझदी घेऊ. बोलताना आपल्याकडे तिला 'येझडी'च म्हणतात. तिची गोष्ट सुरू होते युरोपातल्या चेकोस्लोव्हाकियात. फ्रान्तिशेक यानेचेक या उद्योजकानं १९२९ साली 'वाँडरर' या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले. यानेचेकमधला 'या' आणि वाँडररमधला 'वा' मिळून नाव झालं 'यावा'. तेच आपल्याकडे 'जावा' झालं. म्हैसूरला १९६० साली आयडियल जावा ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्या वर्षीपासून तिथून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ पासून त्यांच्यावर 'येझदी' हे नाव आलं. १९७८ ची 'रोडकिंग' तर लांबच्या प्रवासाची लाडकी गाडी. मागे एक माणूस आणि बाजूला सामान घेऊन कित्येक जणांनी तिच्यावरून घाट ओलांडले. १९९६ साली कारखाना बंद पडला.

२०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली. पण ती इंजिनं अगदी वेगळी आहेत, त्यांचे भाग जुन्या गाडीला बसत नाहीत. जुन्या गाडीचे सुटे भाग मात्र अजून मिळतात, कारण तिच्यावर प्रेम करणारे गावोगाव आहेत. दर वर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी ही मंडळी 'जावा-येझदी दिवस' साजरा करतात!

या गाडीची एक गंमत माहीत आहे का? तिची किक आणि गिअर हे एकच दांडकं असतं. डाव्या पायाजवळचा गिअरचा दांडा आत दाबून वर वळवला, की त्याचीच किक होते. गाडी सुरू झाली की तो परत खाली आणायचा, झाला गिअर!

आधी वही, मग पाना

पहिल्या दिवशी एकही नट सोडायचा नाही. आधी गाडीचे चहूबाजूंनी फोटो काढा. कुठली केबल कशाच्या मागून जाते, कुठली वायर कुठं जोडली आहे, हे जवळून टिपा. मग दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर "काय काढलं, कोणत्या क्रमानं" आणि उजव्या पानावर "काय खराब, काय आणायचं" असं लिहा. प्रत्येक भागाचे नट, बोल्ट आणि वायसर वेगळ्या पिशवीत किंवा रिकाम्या डब्यात ठेवून वर चिठ्ठी लावा.

हे कंटाळवाणं वाटतं ना? पण खोलणं कुणालाही जमतं. खरी परीक्षा जोडताना असते, आणि त्या पेपराची उत्तरं तुमच्या वहीत असतात. आणखी एक नियम: एका वेळी एकच कप्पा उघडायचा. कार्ब्युरेटर काढला, साफ केला, जोडला, की मगच पुढचा भाग. असं केलं तर मध्येच परीक्षा आली, पाहुणे आले, तरी गाडी पोत्यात जात नाही.

इंजिन मेलंय की नुसतं अडकलंय?

किक मारायला जावं तर दांडा हलतच नाही! लगेच घाबरू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या कड्या, म्हणजे रिंगा, सिलिंडरच्या भिंतीला गंजानं चिकटतात. अशा वेळी हातोडा घ्यायचा नाही. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून थोडं पातळ तेल सोडायचं आणि चार-पाच दिवस थांबायचं. मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हळूहळू पुढं-मागं हलवायचं. बऱ्याचदा पिस्टन सुटतो. नाही सुटला तर पुन्हा तेल, पुन्हा थांबणं. तरीही हलला नाही तर मग मेस्त्रींनी सिलिंडर काढून बघावा.

आता थोडं गणित करू या का? या इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर आणि पिस्टनचा वर-खाली प्रवास ७५ मिलिमीटर. म्हणजे त्रिज्या ३.२५ सेंटिमीटर, उंची ७.५ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचं सूत्र लावा: ३.१४ × ३.२५ × ३.२५ × ७.५. उत्तर आलं जवळजवळ २४९ घनसेंटिमीटर. यालाच सगळे "अडीचशे सीसी" म्हणतात. बघा, भूमितीचं पुस्तक गॅरेजमध्ये चालतं की नाही!

हे इंजिन टू-स्ट्रोक आहे. पिस्टन वर जाताना वरच्या भागात पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबतो, आणि त्याच वेळी खालच्या बंद पेटीत नवं मिश्रण ओढून घेतो. ठिणगी पडली की पिस्टन खाली येतो आणि खालचं मिश्रण वर ढकलतो. म्हणजे पिस्टनच्या खालची पेटी हीसुद्धा एक पंपच असते. त्या पेटीतून बाहेर येणाऱ्या दांड्यावर रबरी ऑइल सील बसवलेले असतात. पडून राहून ते कडक झाले की फटीतून बाहेरची हवा आत येते. मिश्रणात पेट्रोल आणि तेल कमी पडतं, इंजिन फार तापतं आणि पिस्टन अडकून बसतो. वरून गाडी कितीही चकचकीत केली तरी हे दोन-चार छोटे सील बदलले नाहीत तर सगळी मेहनत वाया! हे काम मात्र इंजिन पूर्ण उघडून होतं. तेव्हा ते अनुभवी मेस्त्रींकडेच द्या, पण शेजारी उभं राहून बघा आणि वहीत लिहा.

अशा जुन्या टू-स्ट्रोकमध्ये बहुधा तेलाची वेगळी सोय नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. साधारण एक लिटरला ४० मिलिलिटर. नेमकं प्रमाण गाडीच्या पुस्तिकेत बघायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन अडकतो, जास्त झालं तर धूर आणि काजळी. शिवाय काही तेल न जळता धुरातून बाहेर पडतंच. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी टू-स्ट्रोक मोटारसायकलींची सद्दी संपली, त्याचं हे एक मोठं कारण.

टाकीतलं रसायनशास्त्र

टाकीचं झाकण उघडा आणि आत टॉर्चनं बघा. आगपेटी किंवा मेणबत्ती चुकूनही जवळ न्यायची नाही! पेट्रोल भरलेल्या टाकीपेक्षा "रिकामी" टाकी जास्त धोक्याची असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ आणि हवा मिसळलेली असते. एका ठिणगीनं तिचा स्फोट होतो. म्हणून जुनं पेट्रोल काढणं, टाकी धुणं ही कामं मोठ्यांनी, उघड्यावर आणि चुलीपासून लांब करायची. टाकीला भोक असेल तर वेल्डिंग घरी करायचंच नाही.

टाकी नीट धुऊन वास पूर्ण गेला की गंजाकडे वळू. गंज म्हणजे लोखंडाचं पाणीदार ऑक्साइड, आणि आम्ल त्याला विरघळवतं. कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, विरघळवून टाकी भरून ठेवा. व्हिनेगरही चालतं. दुसऱ्या दिवशी ओतलेलं पाणी तपकिरी आलं की समजायचं, गंज निघतोय. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं आत खळबळून घ्या. आम्ल आणि आम्लारी यांचं उदासिनीकरण शाळेत शिकलात ना? तेच हे. शेवटी साध्या पाण्यानं धुऊन लगेच कडक उन्हात वाळवा आणि आत थोडं तेल फिरवा. नाहीतर उघडं पडलेलं ताजं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस दिसू लागेल!

ठिणगी आणि पेट्रोल

गाडी सुरू व्हायला दोन गोष्टी वेळेवर भेटाव्या लागतात, ठिणगी आणि पेट्रोल. पेट्रोल आलं नाही तर बहुधा कार्ब्युरेटरचा जेट तुंबलेला असतो. जुनं पेट्रोल वाळून त्याचा चिकट डिंक होतो. जेटचं भोक केसाइतकं बारीक. ते पेट्रोलनं नव्हे, कार्ब्युरेटर क्लीनरनं धुवावं आणि हवेनं फुंकावं. त्यात तार खुपसली तर भोक मोठं होतं आणि गाडी पेट्रोल पिऊ लागते.

ठिणगी नसेल तर काँटॅक्ट पॉइंट बघा. त्यांच्या टोकांवर ऑक्साइडचा थर बसतो. बारीक पॉलिश पेपरनं तो हलकेच घासायचा आणि फिलर गेजनं फट तपासायची. ती असते फक्त ०.४ मिलिमीटरच्या आसपास! आणि हो, रंग दिल्यावर दिवे लागेनासे झाले तर चक्रावू नका. गाडीची लोखंडी चौकट हीच विजेची परतीची वाट असते. नवा रंग वीज अडवतो. वायर जिथं चौकटीला बोल्टनं जोडली आहे तिथला रंग खरवडला, की दिवे झक्क!

पळण्याआधी थांबायला शिका

आता सगळ्यांत महत्त्वाचं. पहिल्या किकला इंजिन धडधडलं की घरात जल्लोष होतो आणि कुणीतरी म्हणतं, "एक चक्कर मारून येतो!" थांबा. सुरू होणारी गाडी आणि चालवण्याजोगी गाडी यांत मोठा फरक आहे. थांबू न शकणारी चालू गाडी ही भंगारातल्या गाडीपेक्षा कितीतरी वाईट.

म्हणून ब्रेक इंजिनाच्या आधी करा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसांत गेली तर गंभीर आजार होतात. तेव्हा ड्रम उघडून फुंकर मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. हे काम मोठ्यांचं, तोंडाला मास्क लावून. लायनर आणि केबली नव्याच घाला. टायरची नक्षी छान दिसली तरी फसू नका, रबर वयानं कडक होतं. २००० सालानंतरच्या टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आता तुमच्या घरातल्या सगळ्या गाड्यांची टायरं वाचा बघू! चाकाचे आरे पेन्सिलीनं एकेक टिचकी मारून ऐका. सैल आरा 'टक्' असा बसका वाजतो.

किती चकचकीत करायची?

इथं घरात भांडण ठरलेलं! एक म्हणतो सगळं नवंकोरं करू, दुसरा म्हणतो जुनेपण ठेवू. आमचं ऐकाल तर, सुरक्षेचं सगळं नवं आणि शोभेचं शक्य तितकं जुनं ठेवा. टाकीवरचा आजोबांच्या गुडघ्यानं झिजलेला भाग पैसे देऊन परत मिळत नाही.

एका जागेला मात्र अजिबात हात लावायचा नाही. ती म्हणजे चॅसी आणि इंजिनावर ठोकलेले नंबर. घासून किंवा जाड रंगाखाली ते गेले तर गाडीची ओळखच पुसली. आर.सी. बुकाशी ते जुळले पाहिजेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, मग आर.टी.ओ.त तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२१ पासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय झाली आहे. पण तशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. तेव्हा पालकांनो, पाना उचलण्याआधी कागद शोधा. कागद नसलेल्या गाडीवर खर्च करण्यापूर्वी आर.टी.ओ.त चौकशी करणं शहाणपणाचं.

आणि मित्रांनो, गाडी तयार झाली तरी हँडल तुमच्या हाती लगेच नाही हं! गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोवर तुमची जागा मागच्या सीटवर, डोक्यावर हेल्मेट घालून. पण वाटेत गाडी फुरफुरून बंद पडली, तर "प्लग काढून बघा, काजळी धरली असेल" हे सांगणारे तुम्हीच असाल. मग काय, या सुट्टीत ताडपत्री उचलताय ना? आधी वही आणा!