दोन वर्षांच्या प्रेक्षकासाठी

सेन्सॉर बोर्डाने २०२४ मध्ये ‘यूए’ प्रमाणपत्राचे तीन टप्पे केले: सात वर्षांवरील, तेरा वर्षांवरील आणि सोळा वर्षांवरील. म्हणजे सगळ्यात खालची पायरीसुद्धा सात वर्षांची. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा वेगळा विचार या व्यवस्थेत नाही. ‘यू’ प्रमाणपत्र एवढंच सांगतं की चित्रपट कुणालाही दाखवायला हरकत नाही; तो या वयाला कळेल आणि झेपेल अशी हमी ते देत नाही. ओटीटीवरच्या मुलांच्या विभागातही दोन वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल शेजारी शेजारीच बसवलेलं असतं. निवड शेवटी घरच्यांवर येते, आणि घरोघरी ती बहुधा दोन गोष्टी बघून होते: यातून काही शिकायला मिळतं का, आणि मूल शांत बसतं का. या वयाच्या मुलाच्या बाबतीत या दोन्ही कसोट्या फसव्या आहेत. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: समोर जे चाललं आहे ते या मुलाला कळतं आहे का?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. १९९८ मध्ये ट्रोसेथ आणि डिलोश या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. शेजारच्या खोलीत एक खेळणं लपवलं जायचं. दोन वर्षांच्या मुलांनी ते लपवताना टीव्हीवर पाहायचं आणि मग त्या खोलीत जाऊन शोधायचं. बहुतेकांना ते सापडलं नाही. तेच लपवणं खिडकीतून पाहिलेल्या मुलांना मात्र सहज सापडलं. अडीच वर्षांची मुलं टीव्हीवर पाहूनही बऱ्यापैकी शोधू शकली. दृश्य तेच, माहिती तीच. पण पडद्यावरचं जग आणि आपल्या पायाखालचं जग यांचा सांधा दोन वर्षांच्या मेंदूत अजून जुळलेला नसतो. नंतरच्या अनेक अभ्यासांत हेच दिसलं: तीनेक वर्षांपर्यंत मूल समोरच्या माणसाकडून जेवढं उचलतं, तेवढं व्हिडिओतून उचलत नाही. रेचल बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मात्र असंही आढळलं की व्हिडिओतली कृती दुप्पट वेळा दाखवली, तर लहान मुलं तिचं अनुकरण जास्त चांगलं करतात. पुनरावृत्तीचा हा मुद्दा निवडीसाठी फार महत्त्वाचा आहे.

यावर पालकांचं म्हणणं असतं, “पण तो किती एकाग्र होऊन बघतो!” पापणी न हलवता बघणं आणि समजणं यांत मोठं अंतर आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिने ते दोन वर्षे या वयाच्या मुलांना ‘टेलिटबीज’ दाखवलं होतं. काही भाग जसेच्या तसे, तर काहींमध्ये दृश्यांचा क्रम विस्कटलेला किंवा बोलणं उलटं फिरवलेलं. दीड आणि दोन वर्षांची मुलं सरळ भागाकडे जास्त वेळ बघत राहिली. सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या बाळांना मात्र दोन्ही सारखेच होते. म्हणजे वर्षाच्या बाळाची खिळलेली नजर हा समजल्याचा पुरावा नाही. हलणारा प्रकाश आणि बदलणारा आवाज तिला धरून ठेवतात. उलट दीड-दोन वर्षांनंतर मूल अर्थ शोधायला लागतं, आणि अर्थ लागला नाही तर नजर काढून घेतं. या वयापुढे चांगल्या निवडीला अर्थ आहे, त्याआधी फारसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये वर्षाखालील बाळांना पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर उत्तमच, असं सांगितलं. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखाली अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलपलीकडे पडदा नको म्हणते.

मग कळेल असं म्हणजे कसं? आपल्याकडची चिमणी-कावळ्याची गोष्ट आठवा. पाऊस पडतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो चिमणीच्या मेणाच्या घराचं दार ठोठावतो. दर वेळी ती बाळाचं काही ना काही करण्यात गुंतलेली असते. पात्रं दोन, जागा एक, प्रसंग तोच, बदल फक्त कारणाचा. दुसऱ्या खेपेलाच मुलाला पुढचं कळतं, तिसऱ्या खेपेला ते स्वतः सांगू लागतं. पिढ्यान् पिढ्या आज्यांनी घडवलेली ही रचना या वयाला नेमकी बसते. अमेरिकेत १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या मालिकेने हेच तत्त्व टीव्हीवर आणलं. सुरुवातीला तिचा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला जाई. सूत्रधार प्रश्न विचारून थांबे, मुलाला उत्तराला वेळ देई. संशोधकांनी शाळेआधीच्या वयाच्या मुलांवर तपासलं, तेव्हा पुन:पुन्हा पाहण्याने मुलांची समज वाढली आणि पडद्याला उत्तरं देण्याचं प्रमाणही वाढलं. म्हणून मूल तोच भाग पुन्हा मागत असेल, तर त्याला नवं काही दाखवायची घाई करू नये. कंटाळा येतो तो आपल्याला.

पडद्यावरच्या वेगाबद्दल थोडं सावध बोलायला हवं. २०११ मध्ये अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांनी चार वर्षांच्या ६० मुलांचे तीन गट केले. एकाने वेगवान कार्टून पाहिलं, दुसऱ्याने संथ कार्टून, तिसऱ्याने चित्रं काढली. अवघ्या नऊ मिनिटांनंतर वेगवान कार्टून पाहिलेली मुलं लक्ष आणि संयमाच्या चाचण्यांत मागे पडली. वेग हाच गुन्हेगार, असा निष्कर्ष सगळीकडे पसरला. पण लिलार्ड यांच्याच २०१५ च्या अभ्यासात बोट वेगापेक्षा अशक्य घटनांकडे वळलं: पात्रं वितळतात, उडतात, क्षणात एकाची दुसरी होतात. मला हे जास्त पटतं. जे मूल अजून पाणी खाली का सांडतं हे शिकतं आहे, त्याच्यासमोर दर काही सेकंदांनी जगाचे नियम मोडले, तर त्याचा सगळा दम ते पचवण्यातच जाणार. परिणाम किती वेळ टिकतो हे या प्रयोगांनी मोजलेलं नाही, तेव्हा घाबरून जायचं कारण नाही; पण निवड करताना कल कुठे असावा हे स्पष्ट आहे.

‘शैक्षणिक’ या शिक्क्याची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण त्याच्यावर पालक खरोखर विश्वास टाकतात. डिलोश यांच्या गटाने २०१० मध्ये शब्द शिकवणारी एक खपाची डीव्हीडी एक ते दीड वर्षाच्या मुलांवर महिनाभर तपासली. ती पाहणारी मुलं काहीच न पाहणाऱ्यांपेक्षा जास्त शब्द शिकली नाहीत. सर्वांत जास्त शब्द शिकली ती, ज्यांच्या आईवडिलांनी व्हिडिओशिवाय, रोजच्या बोलण्यातून ते शब्द शिकवले. आणि ज्या पालकांना डीव्हीडी आवडली, त्यांनी मुलाच्या प्रगतीचा अंदाज जास्तच बांधला. परदेशातल्या मराठी घरांनी पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोगही ध्यानात घ्यावा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी बोलणारी माणसं खेळली, तेव्हा बाळांचे कान त्या भाषेच्या ध्वनींना तयार झाले. तीच माणसं डीव्हीडीवर दाखवली तेव्हा काहीच उपयोग झाला नाही. घरात मराठी टिकावी म्हणून बाळासमोर बडबडगीतांचे व्हिडिओ तासन् तास लावण्यापेक्षा पुण्यातल्या आजीचा व्हिडिओ कॉल कितीतरी मोलाचा, कारण आजी उत्तर देते.

आता प्रत्यक्ष निवडीकडे. चेक चित्रकार झ्डेनेक मिलर यांचा क्रटेक, म्हणजे ‘मोल’ हा बिळात राहणारा छोटा प्राणी, १९५७ च्या पहिल्या लघुपटात स्वतःसाठी चड्डी मिळवतो: जवसाचं रोप, त्याचे धागे, विणणं, कापणं, शिवणं, आणि प्रत्येक टप्प्याला एक प्राणी मदतीला. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला चड्डी कळते, मदत कळते, क्रम कळतो. पुढच्या बहुतेक भागांत शब्दच नाहीत. मातीचा पेंग्विन पिंगूही पाचेक मिनिटांत, कुठल्याच खऱ्या भाषेत न बोलता, सांडलवंड, रुसवा आणि समजूत दाखवतो. मराठी घराला इथे भाषेची अडचण येत नाही. तरीही पिंगूच्या स्वप्नात अजस्र वॉलरस येतो तो भाग या वयाला नको. लहान मुलं स्वभावापेक्षा दिसण्याला घाबरतात, आणि नंतर ‘तो खोटा होता’ म्हणून ती भीती जात नाही. ऑस्ट्रेलियाची ‘ब्लूई’ ही मालिका तीन वर्षांनंतर बरी. सात मिनिटांत घरातलेच खेळ, पण संवाद भरपूर. आपल्याकडचा विजया मुळे यांचा ‘एक अनेक और एकता’ हा १९७४ चा लघुपटही तिसऱ्या वर्षी चालतो. एकजुटीचा उपदेश डोक्यावरून जाईल, पण जाळ्यात अडकलेली आणि मिळून उडालेली पाखरं नक्की समजतील.

पूर्ण लांबीच्या चित्रपटांची मात्र घाई नको. ‘फाइंडिंग निमो’मध्ये पहिल्या काही मिनिटांतच आई मरते. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०१४ मध्ये आलेल्या अभ्यासात, गाजलेल्या ४५ बालचित्रपटांतल्या प्रमुख पात्रांना मृत्यूचा धोका मोठ्यांच्या चित्रपटांपेक्षा अडीच पट निघाला. जपानी दिग्दर्शक मियाझाकींच्या ‘माय नेबर टोटोरो’मध्ये खलनायक नाही, तरी आईचं आजारपण आणि सुमारे दीड तासाची लांबी बघता तो चौथ्या वर्षापर्यंत थांबू शकतो.

“हे सगळं ठीक, पण आम्ही टीव्ही लावतो तो कुकर लावायला वेळ मिळावा म्हणून,” ही तक्रार खरी आहे, आणि एकटीने मूल सांभाळणाऱ्या आईला त्यासाठी दोष देणं अन्याय आहे. उलट, तिच्यासाठीच निवड जास्त गरजेची. सोबत कुणी नसताना मुलाला आधार असतो तो ओळखीच्या गोष्टीचा. पाच-सहा भाग डाउनलोड करून ठेवले, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद केली, तर भाग संपतो आणि पडदाही थांबतो. जेवण भरवताना मात्र मोबाइल नको, कारण तिथे कळण्याचा प्रश्नच उरत नाही, घास नकळत आत जावा एवढाच हेतू असतो. संध्याकाळी मोठ्यांसाठी चालू असलेली मालिकाही हिशेबात धरा. मोठ्यांचा टीव्ही नुसता मागे सुरू असताना एक ते तीन वर्षांच्या मुलांचं खेळणं तुटक होतं, असं २००८ च्या एका अभ्यासात दिसलं आहे.

तुमचं मूल सध्या जे बघतं त्यातला एक भाग आज स्वतः शेवटपर्यंत बघा. मग त्याची गोष्ट मुलाला तीन-चार साध्या वाक्यांत सांगून पाहा. सांगता आली नाही, तर तो भाग यादीतून काढून टाका.