ब्राँझच्या घोड्याचा फेरफार

बडनेऱ्यात वावर घ्यायचं ठरलं की इसार देण्याआधी सातबारा पाहतात, फेरफार काढतात. वावर खरेदीनं आलं की वारसानं, बोजा आहे का, हे तिथं कळतं. जुन्या ब्राँझच्या घोड्याचा मात्र फेरफार जुळवावा लागतो.

मुंबईच्या काळ्या घोड्याचं काम सोपं. जोसेफ बोहमनं घडवलेला हा स्वारासह पुतळा आल्बर्ट ससून यांनी 1879 मध्ये शहराला दिला. 1965 मध्ये तो राणीच्या बागेत गेला. पुतळा एकच, देणगीदार ठाऊक.

फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारी यांचा ‘तुर्की घोडा’ घ्या, म्हणजे गुंता दिसतो. टेबलावर मावणारा हा घोडा एकटा नाही. मूळ नमुन्यावरून साचा निघतो आणि साच्यातून अनेक घोडे. त्यामुळे नमुन्याची मालकी वेगळी, ओतलेल्या घोड्याची वेगळी. बारींवर कर्जाचा बोजा चढला आणि 1848 च्या सुमारास नमुने धनको एमिल मार्तेनच्या हाती गेले. 1875 मध्ये बारी वारले. पुढच्याच वर्षी लिलावात बरेच नमुने बार्बेदियेन या ओतशाळेनं घेतले.

आता घोडा आडवा करून बैठक पाहा. बारींची सही दिसली म्हणून हुरळू नका. सही नमुन्यातच असते, ती प्रत्येक प्रतीवर उमटते. शेजारी बार्बेदियेनचा शिक्का असेल, तर ‘आजोबांनी खुद्द बारींकडून घेतला’ ही घरातली गोष्ट बहुधा टिकत नाही. मग उंची मोजा. ब्राँझ थंड होताना आकसतं. तयार घोड्यावरूनच साचा काढून केलेली नक्कल मूळ प्रतीपेक्षा किंचित लहान भरते.

त्यानंतर कागद. आजच्या मालकापासून मागं जायचं: पावती, मृत्युपत्र, लिलावाची यादी, दिवाणखान्यातला जुना फोटो. घोडा युरोपातून आला असेल तर 1933 ते 1945 ही वर्षं बारकाईनं तपासतात; नाझींनी ज्यू कुटुंबांच्या कितीतरी वस्तू त्या काळात हडपल्या.

आपल्याकडं 1972 चा पुरावस्तू कायदाही आहे. शंभर वर्षांहून जुनं धातूचं शिल्प नोंदवावं लागतं, ते दुसऱ्याला दिलं तर नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

एवढं करूनही मधली काही वर्षं सापडली नाहीत, तर तेवढी जागा कोरी ठेवावी. खाडाखोड केलेल्या फेरफारावर बडनेऱ्यात कोणी इसार देत नाही.