स्टेनलेस रॉडची साठवण आणि सुकवणी : एक मागोवा

वेल्डिंग रॉडवरचा लेप हवेतली ओल शोषून घेतो. साधा रॉड भिजला की तार गंजते आणि दोष डोळ्यांना दिसतो. स्टेनलेसची तार मात्र लखलखीतच राहते. फार तर लेपावर पांढरी बुरशी आल्यासारखी पूड दिसते, पण तोवर पाकीट वापरण्याजोगे राहिलेले नसते.

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे धावू लागली तेव्हा लोखंड रिव्हेट ठोकून जोडत. लेपाचा रॉड त्यानंतरच्या दशकात स्वीडनच्या ऑस्कर केलबर्ग यांनी आणला; १९१३ मध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली यांनी न गंजणारे पोलाद तयार केले. भारतात अडवाणी-ओर्लिकॉन १९५१ मध्ये स्थापन झाली आणि देशी रॉड सर्वदूर पोचले. रॉड गावोगाव गेले, सुकवण्याची भट्टी मात्र मोठ्या कारखान्यांपुरतीच राहिली.

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने वाढले, तसे रसाच्या नळांना आणि टाक्यांना स्टेनलेस आले. गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होते, म्हणून दुरुस्ती ऐन पावसाळ्यात करावी लागते. जिल्ह्यातली बार्शी एरवी कोरडी. त्यामुळे रॉडला इथे ओल धरत नाही, असा समज सहज होतो. पण इथला मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरातला, म्हणजे नेमका कामाच्या घाईतला.

३०४ किंवा ३१६ जातीच्या स्टेनलेस पोलादाला ओलीतून येणाऱ्या हायड्रोजनमुळे तडा जाण्याची भीती कमी. ओल्या रॉडने तिथे बारीक छिद्रे पडतात, ठिणग्या उडतात, स्लॅग नीट सुटत नाही. त्या छिद्रांत रस साचून सांधा आतून खराब होतो.

उन्हात रॉड पसरून वरवरची ओल जाते, लेपातली जात नाही. होल्डरमध्ये धरून जॉबला चिकटवून रॉड लाल करणे तर त्याहून वाईट : स्टेनलेसच्या तारेचा विद्युतरोध जास्त असल्याने ती झपाट्याने तापते आणि लेप तडकतो. खरा उपाय भट्टीचाच. बहुतेक स्टेनलेस रॉडना २५० ते ३५० अंश सेल्सिअसला एक ते दोन तास लागतात. नेमका आकडा पाकिटावर असतो आणि तोच पाळावा. सुकवलेले रॉड वापरेपर्यंत १०० अंशांच्या वर ठेवावेत. पुन्हापुन्हा भाजल्याने लेपातला बांधक कमकुवत होतो, म्हणून अशा फेऱ्या दोन-तीनच.

अलीकडे हवाबंद पाकिटे आली. पाकीट फुटले नसेल तर सुकवणी लागत नाही, पण एकदा उघडले की जुनेच नियम लागू. पाकिटे जमिनीपासून व भिंतीपासून दूर, फळीवर, आडवी ठेवावीत आणि जुना माल आधी काढावा. छोट्या वर्कशॉपने दुसरे काही घेण्याआधी एक लहान भट्टी घ्यावी.