जुन्या घड्याळाला लकाकी नको

भंडारा हे पितळेचे गाव. सणावाराला भांडी चिंचेने घासून लख्ख करायची, ही सवय आमच्या हातातच भिनलेली आहे. वडिलांचे जुने ऑटोमॅटिक घड्याळ हाती आले की मात्र ती बाजूला ठेवा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

या घड्याळाला सेल नसतो. आत अर्धवर्तुळाकार वजन असते. मनगट हलले की ते फिरते आणि स्प्रिंग गुंडाळली जाते. सिकोच्या ७००९ मशीनला तर चावी देताच येत नाही. ती फक्त वेळ आणि तारीख लावण्यापुरती. म्हणून ‘चावी बसत नाही’ असे म्हणून कुणी ते भंगारात काढत असेल, तर थांबवा.

आपल्याकडे मुख्यतः दोन घराणी सापडतात. एक एचएमटीचे. बंगळूरचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला. त्यांचे ‘कांचन’ ऑटोमॅटिक जावयाला देण्यात मोठा मान असे! जानेवारी २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय झाला. दुसरे घराणे १९६३ पासूनच्या सिको फाइव्हचे.

पारख डायलपासून करावी. अक्षरांच्या कडा जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या, तारखेच्या खिडकीला रंगाचा थर, असे दिसले तर डायल पुन्हा रंगवलेली आहे. जुने घड्याळ भडक नारिंगी, हिरव्या रंगात नवेकोरे दिसते तेव्हा मला शंका येते. पिवळसर झालेली मूळ डायल माझ्या लेखी केव्हाही सरस, कारण ती एकदा पुसली की परत येत नाही.

मग मागचे झाकण पाहा. सिकोच्या सहाआकडी क्रमांकातला पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, दुसरा महिना. ‘५३’ म्हणजे ५ ने संपणाऱ्या वर्षाचा मार्च. दशक मशीनच्या नंबरावरून ठरवायचे. तो नंबर झाकणावर आणि डायलच्या तळाशी बारीक अक्षरांत जुळला पाहिजे.

कानाशी धरून तिरपे करा. वजन अलगद फिरल्याचा आवाज ठीक. खरखर आली तर ते घासते आहे. वर्षानुवर्षे कपाटात पडलेले घड्याळ हलवून सुरू करू नका, आतले तेल वाळलेले असते. दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा: आतून साफ करा, तेल द्या, काच बदला, डायलला हात लावू नका आणि केस पॉलिश करू नका.