खूणगाठ मनाशी नको, पदराला हवी

सकाळी चहाचे आधण ठेवून तुम्ही टॉवेल आणायला खोलीत जाता. टॉवेलाशेजारी विजेचे बिल दिसते. ते भरण्यासाठी मोबाइल उचलता, तर त्यात भावाचा संदेश आलेला असतो. त्याला उत्तर लिहीत असतानाच करपल्याचा वास येतो. पातेले काळे पडलेले असते, नऊ वाजून गेलेले असतात, रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही आणि आजही न्याहारी राहणार हे ठरून गेलेले असते. स्वयंपाकघरातून आवाज येतो, "लक्ष कुठे असतं तुझं?" हा प्रश्न तुम्ही शाळेपासून ऐकत आला आहात. चाळिशीतही त्याचे उत्तर तुमच्यापाशी नाही.

अशी एखादी सकाळ सर्वांच्याच वाट्याला येते. परंतु तुमच्या बहुतेक सकाळी अशाच जात असतील, हे लहानपणापासून घडत असेल आणि नोकरी, संसार व प्रकृती यांना त्याची झळ पोहोचत असेल, तर त्यामागे एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता, ही अवस्था असू शकते. असू शकते, एवढेच येथे म्हणता येईल. निदान तज्ज्ञानेच करायचे असते.

हा आळस नव्हे

एडीएचडी ही मेंदूच्या जडणघडणीशी निगडित अवस्था आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचे दिसून आले आहे. लंडनमध्ये 1902 साली बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. त्यानंतर कित्येक दशके हा बालपणाचा विकार मानला गेला आणि वयाबरोबर तो निघून जातो अशी समजूत राहिली. प्रत्यक्षात अनेकांच्या बाबतीत तो जात नाही, केवळ रूप पालटतो. वर्गात उड्या मारणारा मुलगा मोठेपणी खुर्चीत शांत बसलेला दिसतो. धावपळ आत, मनात चालू असते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निकषांनी मोठ्यांच्या निदानाची वाट थोडी सुकर केली. मुलांसाठी अनवधानाची किंवा अतिचंचलतेची किमान सहा लक्षणे आवश्यक असतात. सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी पाच पुरेशी मानली जातात. मात्र त्यांतील काही लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात.

मुलींच्या बाबतीत हे अधिकच नजरेआड राहते. खिडकीबाहेर पाहत गप्प बसणारी मुलगी कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्षही जात नाही. पुढे स्वतःच्या मुलाला डॉक्टरांकडे नेल्यावर, त्याची लक्षणे ऐकताना, आपलेच बालपण कोणीतरी सांगत आहे असे अनेक आयांना वाटते.

स्वतःचीच काळजी का निसटते?

कार्यालयातील कामाला वरिष्ठांचा धाक असतो, मुलांच्या शाळेला घंटा असते. दात घासणे, वेळेवर जेवणे, गोळी घेणे, झोपणे यांच्यामागे मात्र कोणीच उभे नसते. या कामांचे फळ दूर असते आणि चुकल्याची शिक्षाही लगेच मिळत नाही. नेमकी अशीच कामे एडीएचडी असलेल्या मेंदूला सर्वांत जड जातात. अडचण ज्ञानाची नसते. न्याहारी करावी हे तुम्हाला ठाऊक असते. अडचण असते ती योग्य क्षणी ते आठवण्याची, सुरुवात करण्याची आणि किती वेळ गेला याचे भान राखण्याची.

म्हणूनच 'उद्यापासून नीट वागायचे' ही मनाशी बांधलेली खूणगाठ सुटून जाते. आपल्या आज्या मात्र खूणगाठ मनाशी बांधत नसत, पदराला बांधत. दुधाचा हिशेब त्या डोक्यात न ठेवता भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर मांडत. स्मरणाचा भार मनावरून काढून वस्तूवर ठेवण्याची ही रीत एडीएचडीसह जगणाऱ्याने आपलीशी करावी. स्वतःला बदलण्याआधी घराची मांडणी बदलावी.

दिवसभराच्या गाठी

गोळ्यांसाठी सात वारांचे सात कप्पे असलेली डबी आणा व ती चहा-साखरेच्या डब्यांशेजारी ठेवा. कप्पा रिकामा असेल तर गोळी घेतलेली आहे, वाद संपला. आठवत नाही म्हणून अंदाजाने दुसरी गोळी घेण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.

जे दिसत नाही ते या मेंदूसाठी जणू अस्तित्वातच नसते. म्हणून फुटाणे, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू पारदर्शक बरणीत, डोळ्यांच्या उंचीवर ठेवा. पोहे परतणे जमले नाही तर केळे आणि मूठभर दाणे हीसुद्धा न्याहारीच आहे. उपाशीपोटी चिडचिड वाढते व एकाग्रता आणखी घटते.

किल्ली, पाकीट व चष्मा यांना दाराजवळ एक खुंटी आणि एक टोपली द्या. अंघोळीच्या खोलीतून दिसेल असे काट्यांचे घड्याळ लावा. काट्याचे सरकणे वेळ 'दाखवते', आकडे तो केवळ सांगतात. विजेचे व दूरध्वनीचे देयक बँकेतून आपोआप भरले जाईल अशी सोय करा.

सुरुवातच होत नसेल तर काम लहान करा. 'घर आवरायचे' असे न म्हणता 'कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत ओटा पुसायचा' असे म्हणा. घरातील कोणी शेजारी बसून मटार सोलत असेल, तर रखडलेला अर्ज भरून होतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्या व्यक्तीने मदत करावी लागत नाही. तिची सोबत पुरते.

व्यायामाने लक्ष व मनःस्थिती या दोहोंना हातभार लागतो. चालण्याचे बूट दारातच ठेवा आणि शक्य तर कोणाबरोबर जाण्याचे ठरवा. खाली कोणी वाट पाहत आहे हे कारण संकल्पापेक्षा बळकट ठरते.

झोप हा सर्वांत नाजूक भाग आहे. एडीएचडी असलेल्या अनेकांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, गजरासाठी साधे घड्याळ घ्या, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी टाळा आणि उठल्यावर थोडा वेळ गच्चीत किंवा खिडकीशी उजेडात उभे राहा.

दहाव्या दिवशी

यातील काही युक्त्या थोडेच दिवस चालतील. नव्याचे नऊ दिवस ही म्हण या मेंदूला विशेष लागू पडते. दहाव्या दिवशी भिंतीवरची चिठ्ठी दिसेनाशी होते. ती तेथेच असते, डोळे सरावलेले असतात. अशा वेळी स्वतःला दूषणे देऊ नका. चिठ्ठीचा रंग बदला, जागा बदला. आणि काहीच जमत नाही अशा दिवसांसाठी चारच गोष्टींचा किमान दिनक्रम आधी लिहून ठेवा: गोळी, दोन घास, दात, अंथरूण. तेवढे झाले तर दिवस वाया गेला नाही.

घरच्यांसाठीही एक विनंती आहे. "किती वेळा सांगायचं तुला?" या वाक्याने कोणाची स्मरणशक्ती सुधारल्याचे ऐकिवात नाही. त्याऐवजी "तुझी डबी भरून ठेवू का?" असे विचारून पाहा. वर्षानुवर्षे वेंधळा, बेजबाबदार ही विशेषणे ऐकलेला माणूस शेवटी ती खरी मानू लागतो, आणि ज्याला आपण निगा राखण्याच्या लायकीचेच नाही असे वाटते, तो स्वतःची निगा कशी राखणार?

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लक्षणांमुळे काम, नाती किंवा प्रकृती बिघडत असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. शक्य असल्यास जुनी प्रगतिपुस्तके सोबत न्या. तुमचे बालपण पाहिलेली आई किंवा मोठे भावंड बरोबर असेल तर उत्तम. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, अपुरी झोप, नैराश्य व चिंता यांमुळेही लक्ष विचलित होते. म्हणून तपासणी महत्त्वाची. मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन यांसारखी औषधे अनेकांना उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. त्यांनी भूक मंदावू शकते, रक्तदाब व हृदयाचे ठोके वाढू शकतात. रक्तदाबाचा त्रास असेल तर तो आधीच सांगा. दुसऱ्याची गोळी कधीही घेऊ नका. औषधांच्या जोडीला वर्तन-उपचारपद्धतीचाही मोठ्यांना लाभ होतो. कोठून सुरुवात करावी हे कळत नसेल, किंवा मन फार खचले असेल, तर शासनाच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

हा लेख खाली ठेवल्यावर सगळे करायला जाऊ नका. ते होणार नाही आणि पुन्हा अपराधी वाटेल. आज एकच गाठ बांधा. उठा, दाराजवळ एक खुंटी ठोका आणि किल्ली तिला लावा. उद्या सकाळी ती तेथे सापडेल. 'लक्ष कुठे असतं तुझं?' या प्रश्नाला निदान एक उत्तर तयार असेल: दारातल्या खुंटीवर.