पांढरीतील खापरे
पांढुर्णा-सौंसर भागातील शेतकरी बंधूंना ओसाड गावठाणाची ‘पांढरी’ परिचित आहे. ही माती खत म्हणून शेतात नेली जाते. तीत खापरे असतातच. परंतु वेडीवाकडी, परस्परांस चिकटलेली, अति भाजलेली खापरे, राख व जळकी माती एकाच जागी विपुल आढळल्यास तेथे कुंभाराचा आवा असावा, असे अनुमान निघते. बिघडलेले मडके बाजारी कोण नेणार? इनामगाव (जि. पुणे) येथील उत्खननात (१९६८-८३) तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची कुंभारभट्टी मिळाली. देवगडच्या गोंड राजांचा इतिहास लिहिला गेला. त्यांच्या रयतेस मडकी पुरविणाऱ्या कुंभाराचा पुरावा मात्र अशा ढिगांतच शोधावा लागतो. खापर जागचे हलले की त्याचा थर, पर्यायाने काळही, हरवतो. म्हणून अशा खुणा दिसताच खोदकाम थांबवून पटवाऱ्यास कळवावे. खापरे उचलू नयेत.